भंगारनगरीचा भरोसा

मार्च सरत आला की लोहाऱ्याच्या आमच्या गल्लीत पत्र्याचे आवाज सुरू होतात. वर्षभर जिन्याखाली अंग चोरून बसलेले कूलर बाहेर निघतात. कुणी ताट्यांतलं काळं पडलेलं गवत उपसतं, कुणी टाकीच्या तळाचा क्षार खरवडतं, कुणी पंख्याच्या पात्याला बोटानं ढकलून बघतं. मग नव्या गवतावर पहिलं पाणी पडतं आणि ओलसर, लाकडी वास गल्लीभर पसरतो. यंदा तो आला तेव्हा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. हातातला चिमटा हातातच राहिला आणि मी बारा-तेरा वर्षं मागं, दिग्रसच्या एका लांबट खोलीत जाऊन बसले.

बारावीची परीक्षा झाली होती आणि निकाल लागायचा होता. असा काळ पुन्हा मिळत नाही. अभ्यास कर असं कुणी म्हणू शकत नाही आणि पुढं काय याचं उत्तर देण्याची सक्तीही नसते.

दिग्रसचा उन्हाळा सकाळी दहालाच दारं लावून घेतो. त्या दिवसांत कापसाच्या जिनिंगची धडधड थांबलेली असायची. विजेच्या तारांवर अडकलेले रुईचे पुंजके तेवढे गरम वाऱ्यावर हलत. जेवण झालं की मी डोक्याला ओढणी गुंडाळून नाझनीनच्या घरी जायची. ती माझी शाळेपासूनची मैत्रीण. पुढं तिच्या अब्बांचं मोटर वाइंडिंगचं दुकान, मागं राहण्याची खोली, आणि खोलीच्या खिडकीला लोखंडी ड्रम कापून केलेला कूलर. चाचांनी, म्हणजे तिच्या अब्बांनी, तो स्वतः केला होता. चालू झाला की विमान उडाल्यासारखा आवाज करी, पण चटईवर बसलेल्या तिघांना थंडगार ठेवी. खिडकीजवळच्या कॉटवर नाझनीनची अम्मी, आमची शमीमचाची, उशीला टेकून बसलेली असायची. तिला दमा होता. आडवं होण्यापेक्षा बसून तिला श्वास बरा यायचा. मांडीवर काहीतरी शिवण आणि कान आमच्याकडे.

चटईवरचा तिसरा प्रदीप राठोड. तो गावाबाहेरच्या तांड्यावरून सायकल मारत यायचा आणि येताना खिसे भरून टेंभरं आणायचा. पिवळी, चिकट, जिभेला किंचित तुरट लागणारी. खाऊन झाली की बिया चटईच्या काठावर ओळीनं मांडायचा. "हे आपल्या शहराचे लोक," असं म्हणायचा.

शहर म्हणजे भंगारनगरी. ते आमच्या खेळातलं.

खेळ आणला माझ्या मामेभावानं. पुण्याला शिकत होता. सुट्टीत आला तेव्हा झेरॉक्स कागदांचा एक गठ्ठा माझ्याकडे टाकून गेला. त्या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो. बाकीच्यांनी आपापलं एक पात्र घडवायचं आणि ते पात्र आता काय करतं ते बोलायचं. केलेलं साधलं की फसलं, हे फाशांवर. इंग्रजी कागद डिक्शनरी घेऊन मी वाचले, म्हणून सूत्रधारही मीच झाले. भंगारनगरीत सगळी दुकानं बंद पडलेली, नवी वस्तू कुठंच मिळत नाही, लोक मोडक्यातून जोडून जगतात. नाझनीनचं पात्र म्हणजे तिथली उस्तादीण. सायकलच्या रिंगा, छत्रीच्या काड्या, मिक्सरची मोटर यांतून ती पाणी उपसणारी, दळण दळणारी, चोर पकडणारी यंत्रं करायची. प्रदीपच्या पात्राला काहीएक येत नव्हतं. त्याच्याकडे एक बकरी होती आणि तो प्रत्येक गोष्टीत तिचा सल्ला घ्यायचा.

पहिल्याच आठवड्यात आम्ही अडलो. कागदावर लिहिलं होतं, हातानं जोडून केलेल्या वस्तू किती विश्वासाच्या याचे नियम पान एकसष्टवर पाहावेत. आणि आमच्या गठ्ठ्यात साठनंतर थेट चौसष्ट होतं.

"मंग काय करायचं?" प्रदीपनं विचारलं.

"काय करायचं म्हणजे? माह्या वस्तू चालतेच," नाझनीन म्हणाली.

मला ते पटेना. मोडक्यातून केलेली वस्तू हमखास चालणार असेल तर खेळात धाकधूक उरते कुठं? म्हणून मी उठून पुढं दुकानात गेले. चाचा नाकाच्या शेंड्यावर चष्मा ठेवून एका मोटरीत तांब्याची तार भरत होते.

"चाचा, जुगाड केलेली वस्तू किती दिवस चालते?"

दुसरा कुणी हसला असता. चाचांनी तार खाली ठेवली. "किती जोड हाय तिले?"

"म्हणजे?"

"बेटा, जितके जोड, तितकी खोट. तार सहसा तुटत नाही, जोड सुटते. एक जोड असंल तर एका जागी पाहा लागते, दहा असले तर दहा जागी." तार परत उचलत ते म्हणाले, "अन् हात फिरत राह्यला पाह्यजे. ज्या मशीनले कोणाचा हात लागत नाही, ते गुपचूप मरते."

मी मागं येऊन वहीत पान एकसष्ट लिहिलं. लुडोचे दोन फासे. प्रत्येक वस्तूला एक आकडा, तिचा भरोसा. बारापासून सुरुवात आणि वस्तूत जितके जोड तितके वजा. वापरायच्या वेळी फासे टाकायचे. बेरीज भरोशाइतकी किंवा कमी आली तर वस्तू चालली. एकनं जास्त आली तर कुरकुरत चालली, पण भरोसा एकनं उतरला. त्याहून जास्त आली तर बंद. कुणी आपली एक अख्खी पाळी वस्तू पुसण्यात, तेल देण्यात, पेच आवळण्यात घालवली तर उतरलेला भरोसा एकनं वर येई. आणि सगळ्यात शेवटी मी लिहिलं, बारा पडले तर कुठलीही वस्तू बंद.

इथं नाझनीन भडकली.

"बारावर काहून? माही पवनचक्की एका जोडाची हाय. अकराचा भरोसा हाय तिचा."

"तरी बारावर बंद. कितीही चांगली असली तरी कधीतरी बिघडतेच ना."

"मंग चांगलं करून फायदा काय?" तिनं कॉटच्या खालच्या लाकडी पेटीकडे हात केला. "ते पाह्य. पाच जोड हाय त्याले. दोन वर्षांत एकदा तरी बंद पडलं का?"

चाचीला औषधाची वाफ देणारी एक मशीन होती, मास्क लावून घ्यायची. आमच्याकडे दुपारी लाइट जायची, आणि मशीन लाइटवरची. म्हणून चाचांनी कुणाच्या तरी कॉम्प्युटरखालचं जुनं यूपीएस, एक बॅटरी आणि आणखी काहीबाही जोडून ती पेटी केली होती. लाइट गेली की पेटी टक् असा आवाज करी आणि वाफ चालू राही. घरी आलेल्या प्रत्येकाला नाझनीन तो टक् ऐकवायची.

"माह्या अब्बाची मशीन बंद पडत नाही," ती म्हणाली.

मी म्हटलं, "बारा आले नसतील अजून."

म्हणायचं म्हणून म्हटलं. अठराव्या वर्षी जीभ अशीच असते. नाझनीननं पेन्सिल खाली ठेवली आणि ती कॉटवर अम्मीच्या पायाशी जाऊन बसली. तीन दिवस खेळ बंद. चौथ्या दिवशी प्रदीप मला घरून घेऊन गेला आणि दोघींच्या मधे बसून म्हणाला, "तुमी भांडून राह्यल्या अन् तिकडं माही बकरी उपाशी मरून राह्यली." चाचीला हसू आलं, हसताना खोकला आला. मग आम्ही खेळायला बसलो. बाराच्या नियमाबद्दल कुणी काही बोललं नाही. तो वहीत होता, पण फासे टाकताना मी मनातून घाबरायची.

आज मी इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात विहिरींवरच्या पंपांचे स्टार्टर तपासते. बटण दाब, सोड, दाब, सोड. गिऱ्हाईक विचारतं, "मॅडम, बंद तर पडणार नाही ना?" माझे सोबती पटकन नाही म्हणतात. माझ्या तोंडून ते निघत नाही. मी सांगते की बंद पडला तर बहुधा इथून पडेल, पावसाळ्याआधी हा पेच आवळून घ्या. काहींना ते आवडत नाही. पण त्या मे महिन्यातली दुपार ज्यानं पाहिली त्याला दुसरं उत्तर देता येत नाही.

त्या दिवशी चाचा पांढरकवड्याला गेले होते. हायवेवरच्या एका धाब्याचे कूलर बसवायचे होते. आमचा डाव रंगात होता. तेवढ्यात बाहेर वावटळ उठली, दाराच्या फटीतून धूळ आत आली आणि चाची खोकायला लागली. नेहमीचा खोकला होता तो. मग नेहमीचा राहिला नाही. तिचे खांदे वर चढू लागले, श्वासाला शिटीसारखा आवाज येऊ लागला. नाझनीननं मशीन काढली, औषध घातलं, मास्क लावला. आणि लाइट गेली. कूलर हळूहळू थांबला.

पेटी टक् वाजली. पण मशीन चालली नाही.

नाझनीननं बटण बंद करून पुन्हा लावलं. टक्. पुन्हा. टक्. तिनं पेटीवर हात आपटला, वायरी दाबून पाहिल्या. एका क्षणी तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. पण मला वाटलं, हे माझ्यामुळं झालं.

"प्रदीप, ऑटो आण," मी म्हटलं. तो अनवाणीच पळाला.

उशीखाली चाचीचा दम्याचा पंप होता, तोंडात धरून दाबायचा. नाझनीननं तो दिला, पण चाचीचा श्वास इतका तोकडा झालेला की फवारा जिभेवरच बसत होता. दोनदा तसंच झालं. चाचीचे ओठ निळसर दिसायला लागले. नाझनीन उठली आणि स्वयंपाकाच्या ओट्याकडे गेली. मला वाटलं, ती रडायला गेली. तिनं गॅस पेटवला आणि अब्बांचा पेचकस जाळावर धरला.

"बाटली दे," ती म्हणाली. "पाण्याची. लहान."

मी फडताळातली प्लास्टिकची बाटली रिकामी करून दिली. तिनं तापल्या पेचकसानं बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडलं. प्लास्टिक जळाल्याचा वास आला. भोकाचे काठ गार करून, बाटली खळखळून धुऊन तिनं पंप बुडात बसवला आणि भोवती चिकटपट्टी गुंडाळली. मागं चाची दवाखान्यात असताना शेजारच्या खाटेवरच्या लहान मुलीला नर्सबाईंनी असंच औषध दिलेलं तिनं पाहिलं होतं. फवारा आधी बाटलीत भरतो, मग जमेल तसा हळूहळू आत घेता येतो.

"अम्मी, बाटली तोंडात धर. श्वास घे, सोड. घाई नको करू."

तिनं पंप दाबला. बाटलीत पांढरं धुकं दिसलं. चाचीनं श्वास घेतला, सोडला, घेतला. आम्ही दोघी तिच्याबरोबर श्वास घेत होतो. थोड्या वेळानं पुन्हा दाबला, पुन्हा मोजत थांबलो. खांद्यांचं चढणं जरा कमी झालं. शिटी होती, पण मधे मधे विसावा येऊ लागला. मग दारात ऑटो वाजला.

दवाखान्यात ऑक्सिजन लागला, सलाईन लागली, चाचीच्या चेहऱ्यावर रंग परत आला. डॉक्टरांनी बाटली हातात घेऊन फिरवून पाहिली. "कोणी केलं हे?" नाझनीननं मान खाली घातली. "फेकू नका," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

चाचा पोचले तेव्हा ऊन कलत होतं. निरोप मिळताच मिळेल त्या ट्रकमध्ये बसून आले होते, शर्टावर धूळच धूळ. चाचीचा हात हातात घेऊन बसले. मग विचारलं, "मशीन लावली होती ना?"

"लाइट गेलती, अब्बा," नाझनीन म्हणाली. " मी घाबरली. लावलीच नाही."

मी फरशीकडे पाहिलं, प्रदीप पंख्याकडे. तिनं खोटं का सांगितलं ते आम्हा दोघांना कळलं होतं. दोन वर्षं चाचा ज्या पेटीच्या भरवशावर गावोगाव कामाला जात होते, ती ऐनवेळी निकामी ठरली हे त्या धुळीनं माखलेल्या माणसाला कोण सांगणार?

चाची दोन दिवसांनी घरी आली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा चाचा समजुतीच्या सुरात नाझनीनला सांगत होते, "पुढच्या टायमाले घाबरू नको, बेटा. पहिले मशीन लावायची. मी हाय नाही, मशीन तर हाय ना." आणि पेटी तशीच, त्याच जागी, कॉटखाली. नाझनीननं मान हलवली. ऐकून घेतलं.

आम्ही चटईवर बसलो, वही काढली. मी म्हटलं, "बाराचा नियम काढून टाकू आपण."

"राहू दे," नाझनीन म्हणाली. "बारा पडते."

ती फाशांकडे बघत बसली. मग उठली आणि पुढं दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिली. आमच्यासमोर ते बापलेक वऱ्हाडीत बोलत, पण त्या वेळी तिच्या तोंडून घरातली भाषा आली. "अब्बा, मैंने झूठ बोला. मशीन लगाई थी. चली नहीं."

चाचा उठले. आत आले, कॉटखालून पेटी ओढली, पेच काढायला बसले. त्यांच्या हातातला पेचकस दोनदा घसरला. तसं मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. बॅटरीच्या एका जोडावर हिरवट गंज चढला होता. वरून तार धरलेली दिसे, पण चाचांनी बोट लावलं तशी ती सुटून हातात आली. त्यांनी ती तार तळहातावर ठेवली.

"दोन वर्षं मी हे उघडलंच नाही," ते म्हणाले. "चालून राह्यलं होतं ना."

नाझनीन रडत होती. "तुमाले वाईट वाटलं असतं."

"वाटलं. अजून वाटून राह्यलं." त्यांनी तिला जवळ ओढलं. "पण तू माही इज्जत जपाले गेली. इज्जतीवर श्वास नाही घेता येत, बेटा. मशीन दगा देते, देऊ दे. कुठं दगा देते ते मले माहीत पाह्यजे."

त्याच दुपारी त्यांनी पेटी पुन्हा बांधली. पाचाचे दोन जोड केले. बाटली स्वच्छ धुऊन कॉटच्या दांडीला टांगली. दर जुम्म्याला नमाजाला जाण्याआधी पेटी उघडून पाहायची, हे तेव्हापासून त्या घरात ठरून गेलं.

प्रदीप आता पांढरकवड्याकडं टायरचं दुकान चालवतो. बकऱ्याही आहेत, खऱ्या. नाझनीन दिग्रसलाच आहे. दुकानाच्या पाटीवर चाचांच्या नावाखाली तिचं नाव आहे आणि बायाबापड्या मिक्सर घेऊन आल्या की तिलाच शोधतात. चाचांना चष्म्यानंही बारीक तार दिसत नाही आता. चाची आहे. दमाही आहे. निकालाचं म्हणाल तर आम्ही तिघंही पास झालो. किती टक्के पडले होते ते मात्र मला आज आठवून सांगावं लागेल. त्या उन्हाळ्यातली एक दुपार आठवावी लागत नाही.

पेटी बांधून झाल्याच्या दुसऱ्या दिवशी चाचा दुकान अर्धं लावून आत आले आणि आमच्या चटईवर मांडी घालून बसले. "मले शिकवा हे. रोज आयकतो, समजत नाही."

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. भंगारनगरी, पाळी, फासे. पान एकसष्ट त्यांनी स्वतः वाचलं, आपलंच वाक्य तिथं बघून खूश झाले, आणि बाराच्या नियमावर बोट ठेवून म्हणाले, "बरोबर हाय."

"तुमचं पात्र कोण, चाचा?"

"बाई चालंल काय?"

"चालते ना. नाव सांगा."

चाचांनी छताकडे पाहिलं. "शमीम."

नाझनीननं आणि मी एकमेकींकडं पाहिलं. कॉटवरची सुई थांबली.

"काय येते तिले?" मी वहीत लिहीत विचारलं.

"पळता येते," चाचा म्हणाले. "डोंगर चढते. दम लागत नाही."

"काहीही लिहून घेऊन राह्यले," चाची कॉटवरून म्हणाली. "डोंगर नाही. झाडावर चढत होती मी. माह्येरी चिंचेचं झाड होतं, माह्या भावायले नाही जमे त्या फांदीवर जाऊन बसत होती."

चाचा वळले. "हे तू मले कधी सांगतलं नाही."

"तुमी कधी विचारलं?"

मग प्रदीपनं, म्हणजे त्याच्या बकरीनं, सुचवलं की शहराच्या टोकाला एक उंच चिंच आहे आणि तिच्या शेंड्यावर काय अडकलंय ते कुणीतरी चढून पाहायला हवं. मी फासे चाचांच्या पुढं सरकवले. चाचांनी ते उचलले, मुठीत हलवले.

चाचीनं शिवण बाजूला ठेवलं. पाय कॉटवरून खाली सोडले, एक मोठा श्वास घेतला आणि हात पुढं केला.

"द्या इकडं," ती म्हणाली. "माह्यं मी टाकते."